जमणा कान

माझ्या मागून कोणीतरी चालत होतं.

घोलवडच्या चिकूच्या वाडीत, भर दुपारी. डोक्यावर क्रेट घेऊन मी पॅकिंगच्या शेडकडे निघालो की तो निघायचा. मी थांबलो की थांबायचा. पाऊल जड, ओल्या गोणीवर कोणी काठी मारावी तसं. वळून बघावं तर झाडांच्या रांगा आणि त्यांच्याखालची काळपट सावली, बाकी कोणी नाही. पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी तो माझ्याबरोबर जेवायलाही बसला. मी भाकरीचा घास चावला की तोही चावायचा, कचाकचा, अगदी माझ्या कानाशी.

मी मुकादमाला सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कानात काय घातलंस?"

"काही नाही. खाजत होतं म्हणून जरा काडी फिरवली."

"जा, डहाणूला जा. तुझ्या मागं भूत नाही. तुझ्या कानात पू आहे."

२०१४ सालच्या पावसाळ्याची अखेर होती ती. डहाणू रोड स्टेशनजवळ एका जिन्यावर कान-नाक-घसा असा बोर्ड होता. आत एक पन्नाशीच्या डॉक्टरबाई. त्यांनी काही न विचारता माझ्या कानाची पाळी धरली आणि हलकेच ओढली. मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "ओढल्यावर दुखतंय ना? मग हा बाहेरच्या कानाचा आजार. घाबरू नका." कानाचं बोळ सुजून इतकं बंद झालं होतं की थेंब आत जाईनात. त्यांनी औषधात भिजवलेली बारीक पट्टी, दिव्याच्या वातीसारखी, चिमट्याने आत सरकवली आणि तिच्यावर थेंब टाकले. तिसऱ्या दिवशी मागचा माणूस निघून गेला. खरं सांगतो, वाडीतून चालताना थोडं सुनंसुनं वाटलं.

या अंकासाठी कामाचं काही लिहा म्हणणाऱ्यांना मी म्हटलं, मी सातवी शिकलेला माणूस, पाच वर्षं लोकांच्या कानात थेंब टाकले, त्यात लिहायचं काय? ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहितो. पण मनात एकच गोष्ट आहे. तिच्यापर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

आमचं गाव औसा तालुक्यात. तिकडे त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. घराच्या मातीच्या छताखाली, माळवदाखाली, माझे आजोबा आणि धाकटी बहीण राहिले. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये गेली, मी ती सातवीपर्यंत ओढली आणि सोडून दिली. पुढे कुठं कुठं कामं केली ते सांगत बसत नाही. मिळेल त्या कामाबरोबर त्या जमिनीपासून लांब लांब सरकत राहिलो, ते थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. पुढे समुद्र, म्हणून थांबलो. आजही मी दाराजवळ झोपतो. चपला बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवतो. लोक हसतात, हसू द्यावं.

पट्टी काढायला गेलो त्या दिवशी डॉक्टरबाईंचा कंपाउंडर काम सोडून गेला होता. बाकावर एक बाई थेंबांना घाबरून रडत होती. मी तिला माझ्या मागच्या माणसाची गोष्ट सांगितली. ती हसली आणि निमूट कुशीवर झाली. डॉक्टरबाई दारातून बघत होत्या.

"शाळा किती झाली?"

"सातवी."

"नाव?"

"शिवा."

"हात पुढे कर." मी केले. त्यांनी दोन्ही हात थरथरतात का ते बघितलं. "उद्यापासून ये."

माझ्या हातांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी पास केलं होतं. ते उपकार मी विसरणार नाही.

आता कामाचं. बाहेरचा कान म्हणजे पाळीपासून पडद्यापर्यंतचं बोळ. एवढंसं, करंगळीच्या दोन पेरांपेक्षाही कमी, आणि जरा वाकडं. त्यात पाणी राहिलं, कोणी काडी, हेअरपिन, किल्ली फिरवली की कातडी सोलते आणि मग सूज, पू, नाहीतर बुरशी. बुरशी आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते, वर काळे ठिपके. डॉक्टरबाई आधी आत बघायच्या, पडदा शाबूत आहे ना याची खात्री करायच्या, कान कोरडा पुसायच्या, मग औषध लिहायच्या. भोक असलेल्या पडद्याला भलते थेंब चालत नाहीत. एकदा एकजण दुसरीकडचे थेंब टाकून आला आणि म्हणाला, घशात कडू लागतं. डॉक्टरबाईंचा चेहरा मी तेव्हा बघितला, म्हणून हे ध्यानात राहिलं.

थेंब टाकणं माझ्याकडे. लोकांना वाटतं त्यात काय आहे. बाटली आधी मुठीत धरून अंगाच्या उबेला आणायची. गार थेंब गेले की माणसाला खोली फिरल्यासारखी वाटते. मग दुखरा कान वर करून कुशीवर झोपवायचं. मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढायची, लहान मुलाची खाली आणि मागे. थेंब मध्ये सोडायचे नाहीत, कडेने ओघळू द्यायचे, म्हणजे आतली हवा बाहेर येते. मग कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो तो चारपाच वेळा दाबायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. लोक उठतात. फोन वाजला, उठले. दूध उतू गेलं, उठले. औषध गालावर येतं, कान तसाच राहतो, आणि मग म्हणतात, थेंबांचा गुण नाही आला. म्हणून मी एक वाक्य पाठ केलं होतं, ते प्रत्येकाला दटावून सांगायचो. "पाच मिनिटं. काही झालं तरी उठायचं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

या धंद्यात माणसं जे सांगतात ते ऐकून आधी आधी माझ्या अंगावर काटा यायचा. एक निवृत्त गुरुजी आले होते, टोपी हातात घेऊन. हळूच म्हणाले, "माझ्या कानात कोणीतरी दार ठोठावतंय. रोज. उघडू का?" डॉक्टरबाईंनी त्यांचं एक बोट त्यांच्याच मनगटावर ठेवायला लावलं. "आता मोजा, गुरुजी." ते मोजू लागले. ठोका आणि नाडी एकाच वेळी. गुरुजींचा चेहरा पडला. "म्हणजे मीच ठोठावतोय होय?"

असंच असतं ते. कानाचं बोळ बंद झालं की बाहेरचं कमी ऐकू येतं आणि स्वतःचं जास्त. पावलं, चावणं, नाडी, सगळं हाडांतून आत पोचतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथंच घुमतं. हे तपासायला डॉक्टरबाईंकडे पोलादी दोन दातांचा एक चिमटा होता. ट्यूनिंग फोर्क त्याचं नाव, आम्ही चिमटाच म्हणायचो. तो गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो. मग त्याचा दांडा पेशंटच्या कपाळावर, बरोबर मध्ये टेकवायचा आणि विचारायचं, "कुठे वाजतं?" दोन्ही कान ठीक असले तर माणूस म्हणतो, मध्ये. एक कान बंद असला तर आवाज त्याच कानात जातो. गंमत बघा, जो कान बाहेरचं ऐकत नाही तोच हाडातलं जास्त ऐकतो. पुढे पुढे डॉक्टरबाई हा चिमटा माझ्या हातात द्यायला लागल्या.

आता तो शब्द. मला कामाला लागून महिना झाला असेल. घोलवडकडची एक नर्सरीवाली काकी आली, घरात गुजराती बोलणारी. डॉक्टरबाईंनी तपासलं, औषध लिहिलं आणि म्हणाल्या, थेंब टाक. मी विचारलं, "काकी, कोणता कान?"

"जमणो."

आमच्या औशाकडे असा शब्द नाही. मला ऐकू आलं, जमेना. मला वाटलं, बाई म्हणते, मला झोपायला जमेना. मी म्हटलं, "जमेल, काकी, जमेल. हळूहळू व्हा आडव्या."

"अरे भाई, जमणो, जमणो!"

"अहो जमतंय की! छान जमतंय." असं म्हणून मी तिला हाताने वळवलं आणि चांगल्या डाव्या कानात चार थेंब सोडले. पाच मिनिटं काकी पडल्या पडल्या मला गुजरातीत काय काय म्हणाली ते कळलं नाही हे बरंच झालं.

आतून डॉक्टरबाईंचं हसणं थांबेना. मग त्यांनी मला समजावलं. "गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. ज्या हाताने जेवतात तो जमणो. म्हणजे उजवा. आपल्याकडे निम्मे लोक जमणाच म्हणतात, ध्यानात ठेव."

मी पेनाने उजव्या मनगटावर 'ज' लिहिला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. पुढे तर हा शब्द माझ्या इतका तोंडी बसला की समोरचा उजवा म्हणाला तरी मी म्हणायचो, "जमणा ना?" काकी नंतर कधीही आली की जिन्यातूनच ओरडायची, "शिवाभाई, जमेल के?" डहाणूतली मराठी, गुजराती, तलासरीकडच्या पाड्यांची बोली, सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत झाली. शाळा सुटलेल्या माणसाला असं काही कळायला लागलं की तो फार लवकर शहाणा होतो.

डॉक्टरबाई आठवड्यातून दोन दिवस तलासरीला बसायच्या. बाजाररस्त्यावर तळमजल्यावरची एक खोली, मध्ये आडोसा, अलीकडे बाक आणि काचेच्या फळीवर थेंबांच्या बाटल्यांची रांग. २०१८ सालची दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकती लागत होती. त्या बाकावर जिवली आजी येऊन बसली. डोंगराच्या अंगाच्या एका पाड्यावरून जीपने एकटीच आली होती. मुलगा उंबरगावला कंपनीत कामाला. आजी वाळकी, काटक, केस पांढरे, एक हात कानावर.

डॉक्टरबाईंकडे पाठवायच्या आधी वहीत लिहायचं काम माझं. नाव, गाव, कोणता कान, काय होतं.

"आजी, काय होतं?"

"खाजवते. पानी येते." मग जरा थांबून, "आन् वाजते."

"कुठे वाजतं?"

"जमनीत."

मी लिहिलं, उजवा.

डॉक्टरबाईंनी तपासलं तर उजवाच कान खराब निघाला. आजी कोंबडीच्या पिसाने कान खाजवायची. आत सूज, बुरशी, पाणी, सगळं होतं. डावा स्वच्छ. म्हणजे माझी वही बरोबर. आवाजाचं मी सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज आहे, नाडीचा आवाज असेल, सूज उतरली की जाईल. त्यांना मी जे सांगितलं त्यावर त्या बरोबरच बोलल्या.

मग मी आजीला बाकावर थेंब टाकले आणि पाच मिनिटं तिच्याशेजारी बसलो. ती डाव्या कुशीवर, डोळे उघडे.

"कसं वाजतं, आजी?"

"घड्डम. मंग थांबते. मंग पुना घड्डम. निजली का जास्ती वाजते."

"कोणाला सांगितलं?"

"पोराला सांगितला. तो बोलतो, खदानीत सुरुंग लावतात. मी बोलली, सुरुंग वरून वाजते. ह्या खालून वाजते." तिने माझ्याकडे बघितलं. "मी आता घरात निजत नाय. आंगनात निजते."

"या थंडीत?"

"वाजते ना."

नवीन घरकुलाचं पक्कं घर होतं तिला, विटांचं, आणि ही अंगणात झोपत होती. मला वाटलं, बिचारी कानातल्या आवाजाला भिऊन दवात पडते, कान बरा कसा होणार? मी तिला माझ्या सगळ्या शहाणपणाने समजावलं. "आजी, वाजतंय ते कानात. बाहेर काही नाही. मलाही असंच झालेलं, माझ्या मागून माणूस चालायचा. बाहेर झोपायचं बंद. दव लागतं, धूळ जाते. घरात खाटेवर झोपा. सकाळ, दुपारच्या जेवणावर आणि झोपताना चार-चार थेंब, आणि पाच मिनिटं अशाच कुशीवर. काही झालं तरी उठायचं नाही."

"मोप वाजला तरी?"

"मोप वाजलं तरी."

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "तू सांगतो तं निजते घरात."

आठवड्याने आली. कान सुंदर झाला होता. सूज उतरलेली, पाणी बंद. मी खूश. डॉक्टरबाई आत दुसरा पेशंट बघत होत्या, त्यांनी आतूनच सांगितलं, चिमटा लावून बघ. मी चिमटा गुडघ्यावर आपटला, आजीच्या कपाळावर टेकवला. "कुठे वाजतं?"

तिने बोट कपाळाकडे नेलं. "ह्या हितं. मध्ये."

"शाबास. म्हणजे तो आवाज गेला?"

"नाय. तो हायेच."

"कुठे?"

"जमनीत, रे." आणि तिने पायाचा अंगठा फरशीवर टेकवला. टेकवला आणि दाबून धरला, जसं मी तिच्या कानाचा उंचवटा दाबायचो तसं.

तो अंगठा मी पाहिला. हे मला इथं लिहायलाच हवं. वहीत लिहिताना शब्द ऐकायला चुकलो असं मी म्हणू शकतो. पण अंगठा मी डोळ्यांनी पाहिला. आणि मी लगेच नजर उचलली. जमिनीतून आवाज येतो असं कोणी म्हणालेलं मला ऐकायचंच नव्हतं. मी त्यासाठीच तर इतक्या लांब आलो होतो.

आतून डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय म्हणते?"

मी म्हणालो, "जमण्यातच वाजतं म्हणते, मॅडम. अजून."

"मग चालू ठेव थेंब आणखी आठवडाभर."

आजी उठली. दारात थांबून तिने विचारलं, "घरातच निजू?"

"घरातच."

नंतरच्याच आठवड्यात, दुपारचे अडीच झाले असतील, तलासरीच्या खोलीत गर्दी नव्हती. बाकावर एक तरुण बाई कुशीवर पडली होती, तिच्या कानात मी नुकतेच थेंब टाकले होते. डॉक्टरबाई आत लिहीत होत्या. मी बेसिनशी ट्रे धूत होतो. आधी कुठूनतरी बारीक गुणगुण आली. मी आजूबाजूला बघितलं. टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये चिमटा पडलेला होता आणि तो वाजत होता. त्याला कोणी हात लावला नव्हता.

मग फळीवरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणू लागल्या. आणि मग खालून तो आला. घड्डम. मोठा ट्रक दारात उलटावा तसा, पण दारात नाही, पायाखाली. पंचवीस वर्षांत मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता आणि ओळखायला मला अर्धा क्षणही लागला नाही.

मी रस्त्यावर होतो. कसा पोचलो ते आठवत नाही. मी कोणाला हाक मारली नाही. ज्या बाईंनी मला माणसात आणलं त्यांनाही नाही.

हादरा थांबला. सगळा बाजार रस्त्यावर होता. तारा हलत होत्या. डॉक्टरबाई त्या तरुण बाईला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या, दोघी पांढऱ्याफटक. डॉक्टरबाई तिला म्हणत होत्या, "अगं, पळायचं ना! पडून काय राहिलीस?"

ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बोलले, काही झालं तरी उठायचं नाही."

तेव्हा मला ऐकू आलं. दोन आठवड्यांपूर्वीचं, अगदी स्पष्ट. जमण्यात नाही. जमनीत. जमिनीत.

दुपारच्या जेवणानंतरचे थेंब. पक्कं घर. खाट. मोप वाजलं तरी.

"मॅडम," मी म्हणालो, "मी एका म्हातारीला मारलं." आणि सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. त्यांनी पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. माझे हात थरथरत होते. त्यांनी ते बघितलं, तरी दिली.

पाड्यापर्यंतचा रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. वाटेतल्या प्रत्येक घरासमोर माणसं नुसती उभी. बायकांचे पिठाचे हात तसेच. कुत्री भुंकत नव्हती. भर उन्हात सगळा मुलूख कान देऊन उभा होता, पुढचं काय वाजतं ते ऐकायला. मी एकटाच आवाज करत चाललो होतो.

जिवली आजीचं घर विचारावं लागलं नाही. एकच घर असं होतं. जुनं कुडाचं झोपडं शेजारी तसंच उभं, आणि नव्या घराची मागची भिंत आत कोसळलेली. दारातून खाट दिसत होती. म्हणजे खाटेचा पाय दिसत होता, बाकी विटा. उशीच्या जागी विटांचा ढीग. खिडकीच्या कोनाड्यात मी दिलेली थेंबांची बाटली उभी, झाकण काढलेलं.

मी विटा उपसायला लागलो. "आजी! आजी!" एक वीट, दुसरी वीट. नखं निघतील असं वाटत होतं. मी आठ वर्षांचा झालो होतो आणि माळवदाची माती उकरत होतो.

माझ्या मागून कोणीतरी चालत आलं.

जड पाऊल, थांबत थांबत. मी विटा उपसायचं थांबवलं, तेही थांबलं. माझी वळून बघायची हिंमत होईना.

"तिथं काय शोधतो?"

जिवली आजी अंगणात उभी होती. अंगावर धूळ, कोपराला खरचटलेलं. मान पूर्ण डाव्या खांद्यावर कललेली आणि उजव्या कानावर पालथा हात. मला वाटलं, मान मोडली. मी धावलो. "आजी, काय झालं मानेला?"

"मानेला काय नाय. थेंब सांडतील ना."

ती तशीच, मान वाकडी करून, हादऱ्यातून बाहेर आली होती आणि अर्धा तास तशीच होती. थेंब सांडू नयेत म्हणून.

मी तिच्या अंगावरची धूळ झटकायला लागलो. तीच घाईघाईने बोलायला लागली, शाळेत गृहपाठ राहिलेल्या मुलीसारखी. "तू रागावू नको. पाच मिनटं नाय झाली. दोन झाली आसतील. मी निजली होती, तू बोलला तशी, पन खालून वाजायला लागला. आजून हालला नव्हता, नुसता वाजला. मना वाटला, आता हे मोप हाय. मी उठली. नाय आयकला तुझा."

"बरं केलं," मी म्हणालो. "लय बरं केलं, आजी." आणि तिथंच मातीत बसलो. आमच्याकडचा 'लय' बऱ्याच वर्षांनी तोंडात आला.

बंद कान हाडातलं जास्त ऐकतो, हे मी शंभर लोकांना समजावलं होतं. औषधाने भरलेला तिचा जमणा कान आणि खाटेला टेकलेलं डोकं, त्यांना ते आधी कळलं. मी टाकायला लावलेल्या थेंबांनी तिला वाचवलं असं कोणी मला नंतर म्हणालंही. मी ते स्वतःला म्हणू देत नाही. मी तिला त्या भिंतीखाली झोपवलं होतं.

त्यानंतर कितीतरी महिने त्या भागात जमीन वाजत राहिली, लोक थंडीत ताडपत्रीखाली झोपले, ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद केला. आता मी वाणगावला औषधाच्या दुकानात असतो. कानाचे थेंब घ्यायला कोणी आलं की पाच मिनिटं पडून राहायला सांगतो. काही झालं तरी, हे सांगत नाही. आणि कोणता कान ते शब्दाने विचारत नाही. त्यालाच बोट लावून दाखवायला सांगतो, आणि बोट कुठे जातं तिकडे बघतो, पार शेवटपर्यंत.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. आजीने माझा हात धरून मला उठवलं आणि म्हणाली, "आलाय तं पुना टाक. ते अर्धे वाया गेले."

मी कोनाड्यातून बाटली आणली. मुठीत धरून गरम केली. अंगणात, घरापासून लांब, चटई टाकली. ती डाव्या कुशीवर झाली. पाळी वर आणि मागे ओढली, चार थेंब कडेने सोडले, उंचवटा दाबला. हात थरथरत नव्हते. मग काय वाटलं कोण जाणे, मीही तिच्यासमोर मातीत कुशीवर झालो आणि कान जमिनीला लावला. आठ वर्षांचा असल्यापासून मी ते कधी केलं नव्हतं.

आधी माझीच नाडी ऐकू आली. मग त्या नाडीच्याही खाली, फार खोल, कोणीतरी जड वस्तू सरकवल्यासारखं काहीतरी. थांबलं. पुन्हा सरकलं.

आजी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत मिश्कील काहीतरी होतं.

"वाजला?"

"वाजलं."

"कुठं वाजला?"

"जमनीत," मी म्हणालो.